एडीएचडी असलेल्या मुलांसाठी पालकांचे वर्तन-व्यवस्थापन

एडीएचडी असलेल्या मुलांसाठी पालकांचे वर्तन-व्यवस्थापन ही अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी, असलेल्या मुलांच्या संगोपनात वापरली जाणारी मानसशास्त्रीय उपाययोजना आहे. या उपाययोजनेत प्रशिक्षण प्रामुख्याने पालकांना दिले जाते. सूचना कशी द्यावी, कौतुक केव्हा करावे, दिनक्रम कसा आखावा, कोणत्या वर्तनाकडे दुर्लक्ष करावे आणि नियम मोडल्यास काय करावे, या गोष्टी पालक शिकतात व घरी अमलात आणतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिएट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शाळापूर्व वयातील, म्हणजे साधारणतः ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी हा पहिला उपचार म्हणून सुचवला आहे. त्यापुढील वयात तो औषधोपचार व शाळेतील साहाय्य यांच्या जोडीने वापरला जातो.

विकाराचे स्वरूप

एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकवता न येणे, वयाच्या मानाने अधिक चळवळ करणे आणि विचार होण्याआधीच कृती घडणे ही त्याची तीन मुख्य लक्षणे होत. काही मुलांत केवळ अवधानाचा अभाव दिसतो, काहींत अतिचंचलता व आवेगशीलता दिसते, तर काहींत दोन्ही एकत्र आढळतात. पहिल्या प्रकारातील मूल वर्गात शांत बसलेले असते, त्यामुळे त्याची अडचण उशिरा लक्षात येते. मुलींच्या बाबतीत असे अधिक घडते. जगभरातील पाहण्यांनुसार शालेय वयातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये हा विकार आढळतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनुसार लक्षणे किमान ६ महिने टिकलेली असावी लागतात, त्यांतील काही वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. रक्ततपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने या विकाराचे निदान होत नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हे पालक व शिक्षकांकडून सविस्तर माहिती घेऊन निदान करतात. ऐकण्यातील वा दृष्टीतील दोष, अपुरी झोप, अध्ययन-अक्षमता, चिंता किंवा घरातील ताण यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे ही कारणे आधी तपासली जातात.

विकाराच्या कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या मुलांवरील अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे दिसून आले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्यपटलाची कमाल जाडी सर्वसाधारण मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा वर्षांच्या सुमारास गाठली जाते, असे आढळले. म्हणजे नियोजन, संयम व अवधान यांना आधार देणारी मेंदूची वाढ या मुलांत काहीशी मागे चालते. पालकांच्या संगोपनामुळे हा विकार उद्भवत नाही. मात्र त्याच्यासह जगणे मुलाला सोपे जाईल की अवघड, हे मोठ्या प्रमाणात संगोपनावर अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९०२ मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. त्यांनी या स्थितीला नैतिक नियंत्रणातील दोष म्हटले. पुढे नावे बदलत गेली. १९६८ च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत भर अतिचंचलतेवर होता, १९८० मध्ये तो अवधानन्यूनतेवर आला आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. विकाराकडे पाहण्याची दृष्टी नीतीकडून मेंदूच्या विकासाकडे कशी वळली, हे या नामांतरांतून दिसते.

पालक-प्रशिक्षणाची परंपरा बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादी विचारातून पुढे आली. ज्या वर्तनानंतर हवासा परिणाम मिळतो ते वर्तन वाढते, हे तिचे मूळ सूत्र होय. अमेरिकेतील ऑरेगन येथे जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांचे प्रत्यक्ष घरी जाऊन निरीक्षण केले आणि पालक व मूल एकमेकांना नकळत कसे घडवतात हे दाखवले. त्याच राज्यात कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी आधी नाते सुधारणारी आणि मग शिस्त शिकवणारी दोन टप्प्यांची पद्धत विकसित केली. शीला आयबर्ग, कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन, रसेल बार्कली आणि ऑस्ट्रेलियातील मॅथ्यू सँडर्स यांच्या नंतरच्या कार्यक्रमांतही साधारणपणे हाच क्रम आढळतो.

तात्त्विक आधार

बार्कली यांच्या प्रतिपादनानुसार या विकारातील मुख्य अडचण ज्ञानाची नसून कृतीची असते. दप्तर आदल्या रात्री भरावे, हे मुलाला ठाऊक असते. विचारले तर ते बिनचूक सांगते. पण नेमक्या क्षणी ते ज्ञान कृतीत उतरत नाही. त्यामुळे उपदेश, समज देणे किंवा तेच पुन्हा पुन्हा समजावणे यांचा उपयोग अल्प होतो. मदत जिथे कृती घडायची आहे त्या जागी आणि त्याच वेळी मिळावी लागते. दाराजवळ लावलेली यादी, डोळ्यांसमोर ठेवलेले घड्याळ, काम होताच मिळालेली शाबासकी ही अशा मदतीची उदाहरणे होत. दृष्टी अधू असलेल्या मुलाला चष्मा देतात, तसेच हे बाह्य आधार मानावेत.

याच कारणाने परिणाम तत्काळ मिळणे आवश्यक ठरते. वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळाल्यास सायकल देण्याचे आश्वासन या मुलांच्या दृष्टीने फार दूरचे असते. आजच्या गृहपाठानंतर लगेच मिळणारी दहा मिनिटे त्यापेक्षा अधिक परिणाम करतात.

विश्लेषणासाठी प्रत्येक प्रसंगाचे पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम असे तीन भाग केले जातात. उदाहरणार्थ, दूरचित्रवाणी चालू असताना आई स्वयंपाकघरातून अभ्यासाला बसण्यास सांगते, ही पूर्वघटना. मूल उठत नाही, हे वर्तन. चार हाकांनंतर आई थकून गप्प बसते, हा परिणाम. न ऐकल्यास सूचना विरून जाते, असे मूल यातून शिकते. उलट एखाद्या दिवशी आई ओरडल्यावर मूल उठते, तेव्हा ओरडले तरच काम होते, असे आई शिकते. दोघांच्याही सवयी अशा पक्क्या होत जातात आणि आवाज रोज थोडा चढत जातो. पॅटरसन यांनी याला जबरदस्तीचे चक्र म्हटले. वर्तन-व्यवस्थापनाचा हेतू हे चक्र तोडणे हा असतो. मुलाचे वर्तन थेट बदलणे कोणाच्याही हाती नसते, पण पूर्वघटना व परिणाम यांत बदल करणे मोठ्यांच्या हाती असते.

प्रमुख पद्धती

विशेष वेळ: दररोज १० ते १५ मिनिटे पालकांपैकी एकजण मुलाने निवडलेल्या खेळात सहभागी होतो. या वेळेत प्रश्न, सूचना, शिकवणी व चुका दाखवणे टाळतात. मूल काय करते आहे त्याचे कौतुकाने वर्णन करणे पुरेसे असते. दिवस वाईट गेला तरी ही वेळ रद्द करत नाहीत, कारण ती बक्षीस नसून नात्याचा पाया असतो. दिवसभर रागावणे ऐकणाऱ्या मुलाला पालकांचा सहवास पुन्हा हवासा वाटल्याशिवाय पुढील पद्धतींना बळ येत नाही.

नेमके कौतुक: "शहाणा आहेस" यापेक्षा "हाक मारताच चप्पल जागेवर ठेवलीस, छान केलेस" हे कौतुक अधिक उपयुक्त ठरते, कारण कोणती कृती आवडली हे त्यातून कळते. कौतुकाला टोमणा जोडला तर त्याचा परिणाम नाहीसा होतो. "आज केलेस, मग रोज का जमत नाही?" हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पूर्ण यशाची वाट न पाहता प्रयत्नाच्या पहिल्या पायरीचीही दखल घेतली जाते.

परिणामकारक सूचना: सूचना देण्यापूर्वी मुलाजवळ जाणे, त्याचे लक्ष वेधणे, एका वेळी एकच गोष्ट थोडक्यात सांगणे आणि ती त्याच्याकडून पुन्हा वदवून घेणे, असा क्रम सुचवला जातो. "हात धू, कपडे बदल, डबा घासायला टाक आणि अभ्यासाला बस" यात चार सूचना आहेत. त्यांपैकी शेवटची किंवा पहिलीच लक्षात राहते. निवड नसेल तेव्हा प्रश्नार्थक वाक्य टाळतात. "अभ्यासाला बसतोस का?" याचे प्रामाणिक उत्तर "नाही" असू शकते. सूचनेनंतर काही सेकंद शांतपणे थांबणे हाही तंत्राचा भाग आहे.

दिनक्रम व दृश्य साधने: उठणे, अंघोळ, न्याहारी, शाळा, खेळ, गृहपाठ, जेवण व झोप यांचा क्रम निश्चित असल्यास प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. लहान मुलांसाठी चित्रांचा तक्ता, मोठ्यांसाठी लिहिलेली यादी वापरतात. शनिवारी सकाळची शाळा असेल तर त्या दिवसाचा तक्ता वेगळा असावा, कारण नेमका तोच बदल गोंधळाला कारण ठरतो. गृहपाठाचे १० ते १५ मिनिटांचे तुकडे पाडून मध्ये थोडी हालचाल ठेवतात. वेळेचा अंदाज ही या मुलांची विशेष अडचण असल्याने काटे दिसणारे घड्याळ, वाळूचे घड्याळ किंवा मोबाइलमधील गजर यांची मदत घेतली जाते.

टोकन पद्धती: दोन किंवा तीन ठरलेल्या कामांसाठी मुलाला टोकन दिले जाते व ठरावीक संख्येनंतर त्याबदल्यात आवडती गोष्ट मिळते. टोकन म्हणून चिंचोके, गोट्या किंवा वहीतील चांदण्या चालतात. बक्षीस खर्चिक असण्याची गरज नसते. रात्रीच्या जेवणात आवडीची भाजी निवडणे, आजोबांबरोबर कॅरमचा डाव, रविवारी रंकाळ्यावर फेरफटका अशी बक्षिसे पुरतात. काम झाल्याबरोबर टोकन देणे, एकदा मिळवलेले टोकन रागाच्या भरात काढून न घेणे आणि सुरुवातीला यश सहज मिळेल इतके लक्ष्य लहान ठेवणे, हे या पद्धतीचे नियम आहेत. काही आठवड्यांनी बक्षिसाचा कंटाळा येतो, तेव्हा बक्षीस बदलावे लागते.

टोकन म्हणजे लाच, असा आक्षेप घेतला जातो. लाच अयोग्य कृत्य करून घेण्यासाठी दिली जाते, तर येथे योग्य कामाचा मोबदला आधी ठरवलेल्या नियमानुसार मिळतो. मात्र मूल आकांत करू लागल्यावर ते गप्प व्हावे म्हणून हातात मोबाइल देणे हे लाचेच्याच जवळ जाते, कारण त्यातून आकांताला फळ मिळते.

हेतुपूर्वक दुर्लक्ष: कुरकुर, तोंड वेंगाडणे, लक्ष वेधण्यासाठी आवाज काढणे अशा निरुपद्रवी वर्तनाकडे पाहणे व बोलणे थांबवतात आणि वर्तन थांबताच पुन्हा लक्ष देतात. दुर्लक्ष सुरू केल्यावर आरंभी हे वर्तन वाढते. मानसशास्त्रात हा विलोपनापूर्वीचा उद्रेक म्हणून ओळखला जातो. या टप्प्यावर पालकांनी माघार घेतल्यास अधिक जोर लावला की यश मिळते, असा धडा मुलाला मिळतो. मारणे, वस्तू फेकणे, रस्त्यावर धावत सुटणे यांसारख्या धोकादायक कृतींकडे दुर्लक्ष करत नाहीत.

मर्यादित व निश्चित परिणाम: मारणे किंवा चावणे यांसारख्या मोजक्या वर्तनांसाठी मुलाला थोडा वेळ खेळातून बाजूला बसवतात. हा काळ साधारणपणे वयाच्या प्रत्येक वर्षामागे १ मिनिट इतका सुचवला जातो. त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही, कोपऱ्यातील स्टूलही पुरते. अंधारात किंवा न्हाणीघरात कोंडणे हा या पद्धतीचा भाग नाही. वेळ संपल्यावर प्रसंग मिटतो आणि त्यावर प्रवचन दिले जात नाही. सांडलेले पाणी पुसणे, पसरलेली खेळणी उचलणे असे कृतीशी जोडलेले परिणाम अधिक शिकवून जातात.

शाळेशी दैनंदिन नोंद: पालक व शिक्षक मिळून दोन-तीन लक्ष्ये ठरवतात, जसे की फळ्यावरील मजकूर उतरवून घेणे किंवा हात वर करून बोलणे. शिक्षक दिवसअखेर वहीत खूण करतात व घरी त्यानुसार टोकन मिळते. या वहीत तक्रारी लिहिल्या जाऊ लागल्या की मूल ती हरवू लागते. त्यामुळे तिची रचना जमलेल्या गोष्टी नोंदवण्यासाठी असावी, असे सुचवले जाते. पुढच्या बाकावर जागा, खिडकी-दारापासून अंतर आणि वह्या वाटणे किंवा फळा पुसणे यांसारखी हालचालीची कामे या शाळेतील साध्या सोयी आहेत.

एकत्र कुटुंब व पेठेतील वस्ती

पालक-प्रशिक्षणाचे बहुतेक प्रसिद्ध कार्यक्रम पाश्चात्त्य देशांतील, दोन पालक व स्वतंत्र घर अशा चौकटीत तयार झाले. महाराष्ट्रातील जुन्या शहरवस्त्यांत ही चौकट जशीच्या तशी लागू पडत नाही. कोल्हापुरातील मंगळवार पेठ हे अशा वस्तीचे उदाहरण आहे. लगतची घरे, अरुंद बोळ, तालमी व मंडळे, दिवसभर चालणारी ये-जा आणि अनेक घरांत तीन पिढ्यांचे एकत्र वास्तव्य यांमुळे मुलाच्या वर्तनाला प्रतिसाद देणारे मोठे लोक अनेक असतात.

याचा तोटा असा की परिणामांत एकवाक्यता राहत नाही. आईने नाकारलेला मोबाइल काका देतात, वडिलांनी रागावल्यावर आजी जवळ घेऊन खाऊ देते आणि शेजारचे काका "वांड आहे, दोन फटके हवेत" असे मुलासमोरच सांगतात. एडीएचडी नसलेली मुलेही अशा फटींचा लाभ घेतात. पण ज्या मुलाला नियम लक्षात ठेवण्यासच कष्ट पडतात, त्याच्यासाठी माणसागणिक बदलणारा नियम हा नियम उरत नाही. त्यामुळे एकत्र कुटुंबात पहिली पायरी मुलाशी बोलण्याची नसून मोठ्यांनी आपापसांत ठरवण्याची असते. सर्व गोष्टींवर एकमत होणे अवघड असल्याने दोन किंवा तीन नियम निवडून ते भिंतीवर लावणे आणि तेवढ्यांपुरते सर्वांनी सारखे वागणे व्यवहार्य ठरते. लाड करण्याची आजी-आजोबांची इच्छाही यात सामावून घेता येते. टोकनांच्या बदल्यात मिळणारे बक्षीस आजीच्या हातून दिले, तर तिचे प्रेम नियमाच्या विरोधात न जाता त्याच्या बाजूने उभे राहते.

माणसे अनेक असण्याचा लाभही आहे. एका व्यक्तीचा संयम संपला की दुसरी व्यक्ती पुढे येऊ शकते. विशेष वेळ आत्या किंवा आजोबाही देऊ शकतात. अभ्यासाची जागा मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. वेगळी खोली नसली तरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पाट, त्या अर्ध्या तासापुरती बंद ठेवलेली दूरचित्रवाणी आणि समोर एकच वही एवढ्यानेही फरक पडतो. गणेशोत्सवासारख्या काळात आवाज, जागरण व पाहुणे यांमुळे दिनक्रम कोलमडतो. तो पूर्ण पाळण्याचा आग्रह न धरता झोपेची वेळ व एखादा नियम तेवढा टिकवणे सुचवले जाते.

खेळाचे स्थान येथे विशेष आहे. कोल्हापुरात कुस्ती व फुटबॉल यांची परंपरा तालमींभोवती वाढली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ पासून कुस्तीसाठी प्रसिद्ध आहे, तर पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ यांसारखे फुटबॉल संघ आजही तालमींच्या नावाने मैदानात उतरतात. नियमित व्यायामाने या मुलांच्या अवधानात व मनःस्थितीत काही प्रमाणात सुधारणा होते, असे अभ्यासांतून दिसते. शिवाय तालमीतील किंवा मैदानावरील शिकवण्याची रीत वर्तन-व्यवस्थापनाशी जुळणारी असते: सूचना छोटी, करून दाखवलेली, चूक त्याच क्षणी सुधारलेली आणि यश लगेच दिसणारे. वर्गात सतत कमी पडणाऱ्या मुलाला आपण काही चांगले करू शकतो, हा अनुभव तेथे मिळू शकतो. म्हणूनच अभ्यास झाला नाही म्हणून खेळ बंद करण्याची शिक्षा या मुलांच्या बाबतीत उलट परिणाम करते. मात्र खेळ हा उपचाराला पर्याय नव्हे.

शारीरिक शिक्षा

मारामुळे वर्तन त्या क्षणी थांबते, म्हणून ते परिणामकारक वाटते. पण पुढच्या वेळी काय करावे हे त्यातून शिकता येत नाही. आवेगाने वागणाऱ्या मुलाला शिक्षेची आठवण योग्य क्षणी होत नाही, त्यामुळे तीच चूक पुन्हा घडते आणि मार वाढत जातो. अशा मुलांत खोटे बोलणे, आक्रमकता व स्वतःविषयीची हीन भावना वाढण्याचा धोका असतो. शाळांमध्ये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार मनाई आहे. "आळशी", "बेशिस्त", "द्वाड" ही विशेषणेही कालांतराने मुलाला आपली ओळख वाटू लागतात.

परिणामकारकता व औषधोपचाराशी संबंध

अमेरिकेत झालेल्या एमटीए या मोठ्या अभ्यासात ७ ते ९ वर्षे वयाच्या ५७९ मुलांची १४ महिने पाहणी करण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अवधानन्यूनता व अतिचंचलता या मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरला. दोन्ही उपचार एकत्र घेतलेल्या गटात पालक-मूल संबंध व सामाजिक कौशल्ये यांत लाभ दिसला आणि औषधाची मात्राही तुलनेने कमी लागली. २०१३ व २०१४ मधील युरोपीय संशोधकांच्या एकत्रित विश्लेषणांतून असे दिसले की, उपचार कोणाला मिळाला हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांच्या नोंदी घेतल्यास मूळ लक्षणांवरील परिणाम कमी दिसतो, पण पालकांची वागण्याची रीत सुधारणे व मुलाचे उद्दाम वर्तन कमी होणे हे लाभ टिकून राहतात.

याचा अर्थ, वर्तन-व्यवस्थापनाने विकार बरा होत नाही. मूल एकाएकी तासभर एका जागी बसू लागेल, ही अपेक्षा चुकीची आहे. भांडणे कमी होणे, सकाळ सुरळीत जाणे, मुलाला मित्र टिकवता येणे आणि त्याचा आत्मविश्वास शाबूत राहणे हे वास्तव लाभ होत. मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमोक्सेटीन यांसारखी औषधे केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने व देखरेखीखाली घ्यायची असतात. औषध घेणे हे पालकांचे अपयश नव्हे, तसेच औषध सुरू झाले म्हणून वर्तन-व्यवस्थापन सोडून देणेही हिताचे नसते.

वयानुसार बदल

शाळापूर्व वयात खेळ, कौतुक व चित्रमय दिनक्रम यांवर भर असतो. प्राथमिक शाळेत टोकन पद्धती व शिक्षकांशी दैनंदिन नोंद उपयोगी पडते. एडीएचडी असलेल्या मुलाची आत्मनियंत्रणाची पातळी वयापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी मागे धरावी, असा व्यावहारिक ठोकताळा बार्कली सुचवतात. त्यानुसार १० वर्षांच्या मुलाकडून आत्मनियंत्रणाबाबत ७ वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवणे वाजवी ठरते. हा ठोकताळा बुद्धिमत्तेला लागू नाही. पौगंडावस्थेत वरून लादलेले नियम टिकत नाहीत. तेव्हा मुलाशी चर्चा करून, दोन्ही बाजूंची कर्तव्ये लिहून केलेला करार अधिक उपयुक्त ठरतो. दहावीच्या वर्षी अभ्यासाच्या दडपणाखाली झोप, खेळ व दिनक्रम यांना कात्री लावण्याची प्रवृत्ती दिसते, पण या मुलांचे अवधान याच तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते.

महाराष्ट्रातील सोयी व कायदेशीर स्थिती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ज्या आजारांसाठी व विकासातील अडचणींसाठी तपासणी केली जाते, त्यांत एडीएचडीचा समावेश आहे. फिरती आरोग्य पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शासकीय शाळांना वर्षातून एकदा भेट देतात, आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिला राजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, हे प्रमुख शासकीय रुग्णालय आहे.

राज्यातील स्वयंसेवी क्षेत्रात ठाणे येथील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून, मुंबईतील महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून आणि मुंबईतीलच उम्मीद बालविकास केंद्र २००१ पासून कार्यरत आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही केंद्र शासनाची निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, मात्र एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना वाचन, लेखन किंवा गणित यांतील अध्ययन-अक्षमताही असते. ती प्रमाणित झाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत अधिक वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. त्यामुळे दोन्हींची तपासणी एकत्र करून घेणे उपयुक्त असते. पाचगणीत चित्रित झालेल्या २००७ मधील 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे अध्ययन-अक्षमतेविषयी समाजात मोठी जागृती झाली. एडीएचडी ही त्यापासून वेगळी, पण वारंवार सोबत आढळणारी स्थिती आहे.

प्रचलित गैरसमज

गोड खाल्ल्याने मुले चंचल होतात, हा समज गुळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरातही ऐकू येतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात साखरेचा मुलांच्या वर्तनावर असा परिणाम आढळला नाही. आवडता खेळ किंवा मोबाइल तासन्‌तास चालतो, म्हणजे लक्ष देता येते पण द्यायचे नाही, हा दुसरा समज. सतत बदलणारी दृश्ये व तत्काळ मिळणारे यश यांमुळे अवधान बाहेरून टिकवले जाते. नीरस कामात ते स्वतःहून टिकवता न येणे हेच या विकाराचे लक्षण आहे. वाढत्या वयाबरोबर हा विकार आपोआप जातो, हेही पूर्णतः खरे नाही. धावपळ कमी होते, पण विसराळूपणा व नियोजनातील अडचणी अनेकांत प्रौढपणीही राहतात.

पालकांची मनःस्थिती व मर्यादा

या मुलांच्या संगोपनात पालकांना, विशेषतः आईला, मोठा ताण सोसावा लागतो. "आईच्या लाडाने बिघडला" हा ठपका नातेवाईक व शेजारी सहज ठेवतात. विकार आनुवंशिक असल्याने काही वेळा पालकांपैकी एकालाही तीच अडचण असते, आणि अशा पालकांना दिनक्रम पाळणे मुलाइतकेच जड जाते. त्यांनीही तपासणी करून घेणे मुलाच्या हिताचे ठरते. सर्व पद्धती एकाच वेळी सुरू केल्यास त्या सहसा आठवडाभरातच बंद पडतात. विशेष वेळ व नेमके कौतुक यांपासून आरंभ करून दोन-तीन आठवड्यांनी पुढची पद्धत जोडणे अधिक टिकाऊ असते. एखाद्या दिवशी संयम सुटला तरी दुसऱ्या दिवशी ठरलेल्या रीतीकडे परत येता येते.

मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, सतत उदास राहत असेल, शाळेत जाण्यास नकार देत असेल किंवा अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनंतरही घरातील तणाव कमी होत नसेल, तर केवळ घरगुती उपायांवर विसंबून न राहता तज्ज्ञांची भेट घेणे आवश्यक असते.